एनियाकचा १९५० चा अंदाज लॅपटॉपवर: नकाशा पश्चिमेला का सरकतो, कडा का फुटतात?

प्रश्न : उत्तररेषा

हवामानशास्त्रज्ञ चार्नी, फ्यॉर्टॉफ्ट आणि गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी मार्च १९५० मध्ये एनियाक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकावर केलेला हवामान अंदाज पायथनमध्ये शक्य तितका मूळ पद्धतीने पुन्हा करायचा आहे. आत्तापर्यंतची मांडणी अशी.

ध्रुवीय स्टिरिओग्राफिक नकाशावर १९ × १६ बिंदूंची जाळी, दोन बिंदूंमधलं अंतर ध्रुवापाशी ७३६ किमी. पातळी एकच, ५०० हेक्टोपास्कल (हवेचा दाब एवढा असतो ती उंची, साधारण साडेपाच किमी). सुरुवातीचा नकाशा एनसीईपी-एनसीएआर रीअ‍ॅनालिसिसमधून (जुन्या निरीक्षणांवरून पुन्हा तयार केलेल्या नकाशांचा साठा) घेतलाय, ३० जानेवारी १९४९. टाइम स्टेप ३ तास, एकूण ८ पावलं. पहिलं पाऊल सरळ पुढचं, नंतर लीपफ्रॉग (मागच्या पावलावरून चालू पाऊल ओलांडून पुढचं काढणं). लाप्लासियनवरून उंची परत काढणारं प्वासाँ समीकरण साय-पाय या पायथन लायब्ररीच्या दुहेरी साइन ट्रान्सफॉर्मने सोडवतोय.

अडचणी:

१. कमी दाबाच्या द्रोणी पूर्वेकडे सरकायच्या तर पश्चिमेकडे सरकतात.

२. पहिल्याच पावलात उंचीतला बदल अपेक्षेच्या साधारण चौपट येतो.

३. १२ ते १५ तासांनंतर कडांवर बुद्धिबळाच्या पटासारखे उंच-सखल चौकोन उमटतात आणि मग आत शिरतात.

आणखी दोन शंका. रिलॅक्सेशनची (उत्तर स्थिरावेपर्यंत पुन्हा पुन्हा सुधारत जाण्याची) पद्धत त्या काळी सगळ्यांना माहीत होती, तरी त्यांनी साइन श्रेणीचा खटाटोप का केला? आणि हे चाललं तर हीच खिडकी जुलैमध्ये मुंबईवर आणून ठेवता येईल का?

उत्तर १ : भ्रमिल

तीन अडचणींची मुळं वेगवेगळी आहेत, एकेक घेऊ. आधी समीकरण कागदावर उतरवा. बहुतेक जण तिथेच घसरतात.

मॉडेलचं म्हणणं एवढंच की हवेचा कण आपली निरपेक्ष व्हॉर्टिसिटी (भ्रमिलता, म्हणजे गोल फिरण्याचं माप) बरोबर घेऊन फिरतो. ५०० हेक्टोपास्कलच्या पृष्ठाची उंची 'उ' धरा. जाळीवर काढलेला तिचा लाप्लासियन (चार शेजारी बिंदूंशी तुलना करून निघणारं वाकाचं माप) 'ल'. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दाखवणारा कोरिऑलिस गुणांक 'फ'. गुरुत्व त्वरणाला नकाशा-गुणकाच्या वर्गाने गुणून फ ने भागलं की जो आकडा येतो तो 'ग'. नकाशा-गुणक म्हणजे २ भागिले (१ + अक्षांशाचा साइन). ध्रुवावर तो १, ४५ अंशांवर १.१७, २० अंशांवर १.४९. मग निरपेक्ष व्हॉर्टिसिटी

न = ग × ल + फ

आणि अंदाजाचं समीकरण

ल च्या बदलाचा वेग = जेकोबियन (न, उ).

जेकोबियन म्हणजे दोघांच्या आडव्या-उभ्या उतारांचे तिरके गुणाकार करून घेतलेली वजाबाकी.

बस, एवढंच. उजवीकडे आणखी एकदा ग लावायचा नाही, तो दोन्ही बाजूंनी कटतो. लावलात तर उत्तर चौपट नव्हे, लाखपट येईल, म्हणजे तुमच्याकडे ती चूक नाही.

आता पहिली अडचण. जेकोबियनमध्ये क्रमाला किंमत आहे. (न, उ) ऐवजी (उ, न) लिहिलं की चिन्ह उलटतं आणि अख्खा नकाशा पश्चिमेला चालू लागतो. क्रम बरोबर लिहूनही चिन्ह उलटण्याच्या दोन वाटा आहेत. नमपायचं मेशग्रिड काही सांगितलं नाही तर ओळ आधी, स्तंभ नंतर देतं, आणि ग्रेडियंट फंक्शन पहिल्या निर्देशांकाचा उतार आधी परत करतं. तुम्ही पहिल्या उत्तराला आडवा उतार समजलात की चिन्ह गेलं. दुसरी वाट म्हणजे रीअ‍ॅनालिसिसमधले अक्षांश ९० पासून खाली उणे ९० कडे येतात. तोच उतरता क्रम जाळीत शिरला आणि उभी दिशा उलटी झाली, तरी चिन्ह गेलं. दोन्ही चुका एकत्र झाल्या तर उत्तर बरोबर येतं, आणि हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण पुढे कधीतरी एक चूक दुरुस्त केली की चालणारा कोड बिघडतो.

खरा नकाशा घालण्याआधी एक परीक्षा घ्या. सपाट जाळी, नकाशा-गुणक सगळीकडे १, मूळ वारा शून्य. समीकरणात भागायला ४५ अंशांवरचा स्थिर फ वापरा, पण न मध्ये मिळवताना मात्र तो उत्तरेकडे सरळ रेषेत वाढू द्या. पूर्व-पश्चिम ५,००० किमी लांबीची एकच छोटी लाट. रॉसबीच्या सूत्राप्रमाणे ती पश्चिमेला सेकंदाला सुमारे १० मीटरने, म्हणजे २४ तासांत ८८५ किमी सरकायला हवी. मग सेकंदाला २० मीटरचा पश्चिमी वारा घाला, ती साधारण तेवढ्याच वेगाने पूर्वेला निघाली पाहिजे. साधारण म्हणतोय कारण एवढ्या विरळ जाळीवर मध्य-फरक पद्धत लाटेला मागे ठेवते. अंतर ६२८ किमी असेल (७३६ चं ४५ अंशांवर तेवढंच होतं) तर वारा ५,००० किमीच्या लाटेला १० टक्के कमी वेगाने वाहून नेतो, ३,००० किमीच्या लाटेला २६ टक्के कमी. छोट्या द्रोणी प्रत्यक्षापेक्षा मागे राहिलेल्या दिसल्या तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका, ती जाळीची चूक आहे.

दुसरी अडचण. बरोबर 'चौपट' म्हणजे दोन जागा तपासा. जेकोबियनमधला प्रत्येक उतार दोन घरांच्या अंतराने भागायचा असतो. दोन्ही उतारांत तो २ राहिला की चौपट. किंवा प्वासाँ सोडवताना साइन श्रेणीतल्या प्रत्येक घटकाला (आडवा क्रमांक क, उभा ख) ज्याने भागायचं तो आकडा असा आहे: उणे ४ × [साइन वर्ग (क × π ÷ ३६) + साइन वर्ग (ख × π ÷ ३०)], भागिले अंतराचा वर्ग. यातला ४ विसरला तरी चौपट. ३६ आणि ३० हे १८ आणि १५ घरांचे दुप्पट, १९ आणि १६ बिंदूंचे नव्हेत.

आणि हो, साय-पायचं ते फंक्शन काही सांगितलं नाही तर दुसऱ्या प्रकारचा साइन ट्रान्सफॉर्म करतं. तुम्हाला पहिला प्रकार हवा, कारण कडेच्या बिंदूंवर बदल शून्य धरलाय. आत फक्त कडा सोडून उरलेले १७ × १४ बिंदू द्यायचे.

उत्तर २ : कार्डांचा गठ्ठा

साइन श्रेणीबद्दल. याचं उत्तर गणितापेक्षा एनियाकच्या पोटात आहे.

एनियाकला आजच्या अर्थाने लिहिता-वाचता येणारी स्मृती म्हणजे २० अ‍ॅक्युम्युलेटर, प्रत्येकात १० दशमान अंक. जाळीचे बिंदू ३०४. उंचीचा एक नकाशाही यंत्रात मावत नाही, मग लाप्लासियन, जेकोबियन आणि मागच्या वेळेचा नकाशा कुठे ठेवणार? तिन्ही फंक्शन टेबल स्विच फिरवून भरायची, त्यात आज्ञा आणि स्थिरांक: साइनचे आकडे, कोरिऑलिस वगैरे. बदलणारं सगळं पंच कार्डांवर. म्हणजे एनियाक एक टप्पा करतो, कार्डं पंच करून बाहेर टाकतो. माणसं ती आयबीएमच्या यंत्रांवर वर्गवारी करून, नकला काढून, दोन गठ्ठे एकमेकांत बरोबर क्रमाने मिसळून पुढच्या टप्प्यासाठी परत भरतात. कार्डांचा गठ्ठा हीच त्यांची रॅम होती असं समजा.

आता रिलॅक्सेशनचा विचार करा. प्रत्येक फेरीत प्रत्येक बिंदूला चार शेजारी लागतात, आणि किती फेऱ्यांनी उत्तर स्थिरावेल ते आधी ठाऊक नसतं. प्रत्येक फेरी म्हणजे कार्डांची नवी उलथापालथ. साइन श्रेणीत मात्र काम ठरलेलं: आडव्या दिशेने गुणाकार, उभ्या दिशेने गुणाकार, एका आकड्याने भागाकार, मग तसंच परत. एका ओळीचे आकडे ओळीने येतात आणि बेरजा अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये साठत जातात. फॉन नॉयमनने ही पद्धत त्यासाठीच बसवली.

हिशेब करून बघा. १७ × १४ बिंदूंसाठी चार टप्प्यांचे गुणाकार मिळून १४,७५६ होतात. एनियाकचा दहा अंकी गुणाकार २.८ मिलिसेकंदांचा. नुसते गुणाकार सलग केले तर ४१ सेकंद! १९४८ मध्ये एनियाकला साठवलेल्या आज्ञांवर चालण्याजोगं केलं तेव्हा त्याची समांतर कामं बंद झाली आणि वेग बराच घटला, तरीही गणिताला लागणारा वेळ मिनिटांतच मोजावा लागतो. आणि २४ तासांचा अंदाज काढायला प्रत्यक्षात लागले सुमारे २४ तास. बाकी वेळ कार्डं वाचणं, पंच करणं, क्रम लावणं आणि बिघाड दुरुस्त करणं यात गेला. चार अंदाजांसाठी मिळून सुमारे १ लाख कार्डं तयार झाली आणि १० लाख गुणाकार-भागाकार झाले. अ‍ॅबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंडवर, मेरीलँडमध्ये, ५ मार्च १९५० च्या रविवारी दुपारी १२ ला काम सुरू झालं आणि किरकोळ खंड सोडता ३३ दिवस-रात्र चाललं.

मूळ पद्धतीच्या जवळ जायचं तर आणखी एक गोष्ट करून बघा: दशांश चिन्ह हलू देऊ नका. एनियाकमध्ये स्थिर दशांश होता. प्रत्येक टप्प्याआधी आकडे किती पटीने वाढवायचे हे हाताने ठरवावं लागे. जास्त वाढवले तर डावीकडून अंक सांडणार, कमी वाढवले तर लाप्लासियनमध्ये उपयोगाचे दोनच अंक उरणार. ५,५०० मीटरच्या आसपासचे पाच आकडे वजा-बेरीज करून लाप्लासियन निघतो, त्यात किती अंक गळतात ते पूर्णांक वापरून कोड लिहिलात की लगेच दिसेल. या मंडळींना एनियाकसाठी कोड कसा लिहायचा ते क्लारा फॉन नॉयमन यांनी शिकवलं आणि शेवटचा कोड तपासलाही.

हेच गणित २००८ मध्ये पीटर लिंच आणि ओवेन लिंच यांनी नोकिया ६३०० या साध्या फोनवर चालवलं. एका सेकंदाच्या आत संपलं.

उत्तररेषा

दोघांचे आभार. मेशग्रिड आणि जेकोबियनमधला २, दोन्ही सापडले. ५,००० किमीच्या लाटेची परीक्षाही पास. ट्रान्सफॉर्मचा प्रकार मात्र आधीपासून पहिलाच होता.

कडांचा घोळ तसाच आहे. कडेवर उंची स्थिर ठेवलीय, व्हॉर्टिसिटी सगळीकडे सुरुवातीचीच. टाइम स्टेप अर्ध्या तासाची केली तरी चौकोन येतातच, फक्त थोडे उशिरा. म्हणजे हाताने हिशेब करून हवामान अंदाज काढणाऱ्या आणि फसलेल्या रिचर्डसनचंच झालं म्हणायचं, स्टेप मोठी असल्याने आकडे फुटले?

उत्तर ३ : समोच्च

नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रिचर्डसनची तिसरीच.

रिचर्डसनच्या अंदाजात (२० मे १९१०, म्युनिकच्या परिसरासाठी) ६ तासांत वायुदाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल असं उत्तर आलं; प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. पण त्याने पावलांमागून पावलं टाकलीच नव्हती. बदलाचा वेग एकदाच काढला आणि त्याला ६ तासांनी गुणलं. आकडे फुटायला जी पुनरावृत्ती लागते ती तिथे नव्हतीच. चूक सुरुवातीच्या आकड्यांत होती. वारा आणि दाब यांच्या मोजमापांत थोडा जरी बेबनाव असला तरी त्याची पूर्ण समीकरणं तो बेबनाव गुरुत्व-लहरी (हवेतल्या फार वेगवान लाटा) समजून जोरात पसरवतात. सुरुवातीचे आकडे गाळणीतून काढून तोच हिशेब नंतर केला गेला तेव्हा बदल एका हेक्टोपास्कलच्या आसपास आला. त्याने पुढची पावलं टाकली असती तर मात्र टाइम स्टेपनेही दगा दिला असता, कारण कूरांट-फ्रीडरिख्स-लेवींची अट (एका पावलात लाट साधारण एका घरापेक्षा पुढे जाता कामा नये) १९२८ ची, त्याचं पुस्तक १९२२ चं.

त्या अटीने तुमच्या जाळीवर काय होतं ते बघा. २० अंशांवर घर ४९४ किमीचं. पूर्ण समीकरणांत सर्वांत वेगवान लहर सेकंदाला ३०० मीटरची. द्विमितीय जाळीवर टाइम स्टेप १९ मिनिटांच्या खाली ठेवावी लागली असती. चार्नीने १९४८ मध्ये दाखवलं की हवामान घडवणाऱ्या मोठ्या हालचाली तेवढ्या ठेवून या लहरी समीकरणातूनच गाळता येतात. मग सर्वांत वेगवान उरतो वारा. ४० अंशांवर घर ६०५ किमीचं, वारा सेकंदाला ५० मीटर आणि जाळीला नेमका तिरका असेल तर मर्यादा २.४ तास, जाळीच्या दिशेतच असेल तर ३.४ तास. मूळ प्रयोगात १, २ आणि ३ तासांच्या स्टेप वापरून पाहिल्या आणि ३ चालतात असं आढळलं. ३ ही कड्याच्या टोकावरची स्टेप आहे हे लक्षात ठेवा. जेट फारच जोरात असेल तर २ करा. कमी केल्याने अंदाज सुधारणार नाही, कारण चूक मुख्यतः जाळीच्या विरळपणाची आहे.

आता कडा. स्टेप लहान करूनही चौकोन येतात म्हणजे ही अट मोडलेली नाही, सीमा-अट चुकलीय. कडेवर उंची स्थिर ठेवणं बरोबर. पण व्हॉर्टिसिटी सगळ्या कडेवर गोठवायची नसते. वारा जिथून जाळीत शिरतो तिथे ती ठरवून द्यायची (सुरुवातीचीच ठेवा), आणि जिथून बाहेर पडतो तिथे आतल्या दोन बिंदूंवरून सरळ रेषेत पुढे ओढून काढायची. तुम्ही बाहेर पडणाऱ्या कडेवरही गोठवलीय, म्हणजे येणाऱ्या व्हॉर्टिसिटीसमोर भिंत उभी केलीत. ती भिंतीला धडकून साठते, आणि मध्य-फरक पद्धतीत साठलेली गोष्ट एकाआड एक बिंदूंवरच उमटते. तुमचे बुद्धिबळाचे चौकोन ते हेच.

आत की बाहेर हे ठरवायचं कडेवरच्या उंचीच्या उतारावरून: कडेच्या एका शेजाऱ्याची उंची वजा दुसऱ्याची, त्याचं चिन्ह. उंची स्थिर असल्याने हे एकदाच ठरतं, दर पावलाला तपासायची गरज नाही. चारही कडांना चिन्हं वेगळी लागतात, तिथे पुन्हा घोळ होतो. एका नकाशावर बाण काढून पडताळा. कोपऱ्यांना दोन्ही बाजूंची सरासरी द्या.

लीपफ्रॉगचा एक दोषही इथेच येतो: सम आणि विषम पावलांचे नकाशे हळूहळू एकमेकांपासून फारकत घेतात. ८ पावलांत ते नजरेत भरत नाही, म्हणून मूळ प्रयोगासारखं विनागाळणीच ठेवा. अर्ध्या तासाच्या स्टेपने ४८ पावलं टाकणार असाल तर रॉबर्ट-असेलिन गाळणी लावा, गुणांक ०.०५ पुरेसा.

उत्तर ४ : रेडिओसोंड

माहितीसाठ्याबद्दल तीन गोष्टी, थोडक्यात.

मूळ नकाशे ०३०० जीएमटीचे होते. हवामान मोजणारे फुगे तेव्हा ०३ आणि १५ ला सोडत; ०० आणि १२ ची वेळ १ जून १९५७ पासून. रीअ‍ॅनालिसिसच्या १९४९ च्या वार्षिक फाइलमध्ये वेळा ००, ०६, १२, १८ अशा असतात. मूळ निकालाशी तुलना करायची तर ०० आणि ०६ ची सरासरी घ्या आणि पडताळणीचा नकाशाही तसाच काढा. एकीकडे ०३, दुसरीकडे ०० असं केलंत तर वेगवान द्रोणी ३ तासांत दीडदोनशे किमी सरकलेली असते आणि ती चूक अंदाजाच्या नावावर जमा होते.

त्या फाइलमध्ये उंची थेट मीटरमध्ये आहे. युरोपीय ईआरए५ वापरलं तर तिथे जिओपोटेन्शियल मिळतं, ९.८०६६५ ने भागा.

रेखांश ० ते ३५७.५ असतात. ही खिडकी उत्तर अमेरिकेपासून अटलांटिकवरून युरोपात जाते, म्हणजे शून्य रेखांश आत येतो. ३५७.५ आणि ३६० च्या मधले बिंदू इंटरपोलेशनला सापडत नाहीत आणि तिथे 'आकडा नाही' अशी खूण बसते. साइन ट्रान्सफॉर्म प्रत्येक बिंदूत सगळे बिंदू मिसळतो, त्यामुळे अशी एक खूण एका पावलात पूर्ण नकाशा गिळते. शून्याचा स्तंभ ३६० म्हणून शेवटी पुन्हा जोडा.

उत्तर ५ : भ्रमिल

मुंबईचं राहिलं. जुलैत नको. कारणं बघा.

ग मध्ये फ भाजकात आहे. ४५ अंशांच्या तुलनेत १९ अंशांवर फ निम्म्याहून कमी, १० अंशांवर पाव. त्यामुळे उंचीतली १० मीटरची मोजमापाची चूकही तिथे मोठा खोटा वारा तयार करते, आणि खऱ्या उंचीतले चढउतारच तिथे त्याच मापाचे असतात. मूळ खिडकीची दक्षिण कडही २० अंशांच्या आसपासच ठेवलेली होती. दुसरं म्हणजे या मॉडेलमध्ये उष्णता नाही, पाऊस नाही, वर-खाली जाणारी हवा नाही. मान्सूनचा गाडा चालतो तो ढगांत सुटणाऱ्या उष्णतेवर. इथे तो मुळातून गायब.

उष्ण कटिबंधात बॅरोट्रॉपिक (आपल्यासारखं एकाच पातळीचं) मॉडेल वापरायचंच असेल तर उंची सोडून द्या. प्रत्यक्ष वाऱ्यावरून व्हॉर्टिसिटी काढा, तिच्यावरून प्रवाह-फलन (ज्याच्या समान किमतीच्या रेषांना धरून वारा वाहतो ते) सोडवा आणि तेच पुढे न्या. भाजकातला फ गेला. पातळीही ५०० नको, ७०० घ्या. १९६२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या उष्णदेशीय हवामान संस्थेत (आजची आयआयटीएम) भारतीय क्षेत्रासाठी याच जातीची मॉडेलं वापरून पाहिली गेली. तरीही त्यातून मिळतो तो वाऱ्याचा आकृतिबंध, पावसाचा अंदाज नव्हे.

तुमचा कोड न बदलता भारताजवळ आणायचा असेल तर जानेवारी घ्या आणि खिडकी २५ ते ६० अंश उत्तर, भूमध्य समुद्र ते चीन अशी ठेवा. पश्चिमी झंझावात हे ५०० हेक्टोपास्कलवरच्या पश्चिमी वाऱ्यातल्याच द्रोणी आहेत. एका दिवसाचं त्यांचं सरकणं हे मॉडेल ठीक पकडतं. तिबेटच्या पठारावर मात्र ५०० हेक्टोपास्कल जमिनीपासून जेमतेम हजार मीटर वर असतं, तिथले आकडे मनावर घेऊ नका.

आणि खिडकी मोठी करत करत पूर्ण उत्तर गोलार्ध घ्यायचा मोह होईल, तेव्हा एक सापळा आहे. १०,००० किमीची लाट या समीकरणात पश्चिमेला सेकंदाला ४१ मीटरने पळू पाहते, १५,००० किमीची ९२ ने. खऱ्या वातावरणात त्या जवळजवळ जागच्या जागी असतात. एनियाकच्या लहान खिडकीत, स्थिर कडांमुळे, हा रोग दडून राहिला. अमेरिकेत १९५५ मध्ये आयबीएम ७०१ वर रोजचे अंदाज सुरू झाले ते तीन पातळ्यांच्या मॉडेलने. ते नीट चालेना म्हणून पुन्हा बॅरोट्रॉपिककडे वळले आणि मोठ्या क्षेत्रावर हा दोष ठळक झाला. क्रेसमनने १९५८ मध्ये उपाय केला: प्वासाँच्या डाव्या बाजूला उंचीच्याच बदलाचं एक पद वजा करायचं. साइन ट्रान्सफॉर्मच्या कोडमध्ये तो एका ओळीचा बदल आहे, भाजकातून आणखी एक स्थिरांक वजा करा. छोट्या लाटांवर परिणाम नगण्य, लांब लाटा थांबतात.

कार्डांचा गठ्ठा

त्याला जोडून: पाच-दहा दिवस चालवणार असाल तर साधा जेकोबियनही बदला. नॉर्मन फिलिप्सने १९५६ मध्ये दोन पातळ्यांचं मॉडेल प्रिन्स्टनच्या यंत्रावर महिनाभराच्या हवामानासाठी चालवलं. वातावरणाचं सर्वसाधारण अभिसरण संगणकावर उभं करण्याचा तो पहिला प्रयत्न, आजच्या हवामानबदलाच्या मॉडेलांचा पूर्वज. तीसेक दिवसांनी त्याचेही आकडे फुटले. स्टेप कमी करून थांबणारा हा प्रकार नव्हता. दोन लाटांच्या गुणाकारातून जाळीला न पेलणारी बारीक लाट तयार होते, आणि जाळी तिला भलतीच लांब लाट समजून बसते. ऊर्जा चुकीच्या खात्यात जमा होत राहते. फिलिप्सने हे कारण १९५९ मध्ये मांडलं. १९६६ मध्ये आराकावाने तीन प्रकारे लिहिलेल्या जेकोबियनची सरासरी घेऊन ही गळती बंद केली. २४ तासांना काही फरक पडत नाही, पाच दिवसांना पडतो.

उत्तररेषा

बाहेर पडणाऱ्या कडेवर व्हॉर्टिसिटी आतून ओढून काढली, चौकोन गेले. शून्य रेखांशाचा स्तंभही जोडला. आता अंदाज चांगला की वाईट हे कशावरून ठरवू? नुसती सरासरी चूक मीटरमध्ये काढली तर तिला काही संदर्भ नाही.

उत्तर ६ : समोच्च

तोच आकडा 'उद्या आजच्यासारखंच' या अंदाजासाठीही काढा आणि शेजारी ठेवा. सुरुवातीचा नकाशा हाच २४ तासांनंतरचा अंदाज समजायचा. त्याच्यापेक्षा तुमची वर्गमूळ-सरासरी चूक कमी आली तर मॉडेलने काहीतरी कमावलं. चार्नीने निकाल रिचर्डसनला पाठवले तेव्हा रिचर्डसनच्या पत्नी डोरोथी यांनी नेमकं हेच केलं होतं, नुसत्या नजरेने: सुरुवातीचा नकाशा प्रत्यक्षाच्या जास्त जवळ की अंदाजाचा? कौल थोड्याशा फरकाने अंदाजाच्या बाजूने गेला.

मोजताना कडेचे बिंदू गाळा. तिथे उंची गोठवलेली असल्याने तुमचा अंदाज आणि 'आजच्यासारखंच' यांत फरकच नसतो आणि दोन्ही आकडे उगाच जवळ येतात. शिवाय सेकंदाला ४० मीटरचा वारा २४ तासांत साडेतीन हजार किमी, म्हणजे साडेपाच घरं जातो. वारा शिरतो त्या बाजूच्या पाच रांगांमध्ये बाहेरून काय आलं असतं हे मॉडेलला माहीतच नाही. एक आकडा कडा सोडून सगळ्या आतल्या बिंदूंचा काढा, दुसरा या पाच रांगाही वगळून.

चारही तारखा चालवा: ५, ३० आणि ३१ जानेवारी, १३ फेब्रुवारी. ५ जानेवारीचा अंदाज मूळ प्रयोगातही फसला होता, तेव्हा तुमचाही वाईट आला तर कोड उघडू नका.